दक्षिणा ते डीबीटी

गेल्या वर्षीच्या जुलैमधली गोष्ट. चाकणजवळ खराबवाडीला माझा मामेभाऊ राहतो. एका खोलीत तिघं, बाहेर सामाईक नळ, आणि खिडकीतून दिवसरात्र ट्रकचा आवाज. बारावीनंतर त्याचा इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. त्याच आठवड्यात एका कंपनीत ट्रेनी म्हणूनही त्याचं काम जमलं. बारा तासांची ड्यूटी, महिन्याच्या महिन्याला खात्यात पैसे, कॅन्टीनचं जेवण.

मी रविवारी लॅपटॉप घेऊन गेले होते. महाडीबीटीच्या पोर्टलवर त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "ताई, राहू दे ना. दाखले काढता काढता दादांचे दोन महिने गेले. मिळाले तरी पैसे येणार कधी? आणि सारखं सारखं कुणापुढं हात पसरायचा?"

हात पसरायचा. हा शब्द माझ्या डोक्यात बसला. मी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये हिशेब बघते. एम.ए. इतिहासात केलं, तेही शिष्यवृत्तीवर. त्यामुळे या शब्दाचं उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. त्या दिवशी नीट देता आलं नाही. मग पुढचे काही महिने वाचत राहिले, की कॉलेजात शिकणाऱ्या पोराला दुसऱ्याचे पैसे मिळणं ही गोष्ट आपल्याकडे आली कुठून, आणि ते पैसे घेताना मान खाली घालायची सवय कधी लागली. हा लेख म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

तळेगाव, इथून तासाभरावर

गोष्ट सुरू होते चाकणच्या शेजारीच. तळेगाव-चाकण रस्ता तुम्हाला माहीत असेल तर तो ट्रॅफिकमुळे. कंटेनरच्या मागे अडकून अर्धा दिवस घालवलेला असेल. त्या रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला असलेलं तळेगाव हे सेनापती दाभाड्यांचं. छत्रपती शाहूंचे सेनापती खंडेराव दाभाडे तिथे श्रावण महिन्यात वेदशास्त्र शिकलेल्या ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. खंडेराव १७२९ मध्ये गेले. त्यांचा मुलगा त्रिंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढताना मारला गेला. दाभाड्यांचं वजन उतरलं आणि दक्षिणेचा समारंभ पुण्याला गेला. पुढे पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात लांबलांबून आलेल्या ब्राह्मणांची गर्दी व्हायची आणि सरकारी खजिन्यातून लाखांनी रुपये वाटले जायचे.

शिकलेल्या माणसाला राज्याने पैसे द्यावेत, ही कल्पना इथे पक्की झालेली दिसते. पण तिला दोन अटी होत्या. एक, घेणारा ब्राह्मण हवा. दुसरी अट न बोलता पाळली जायची. घेणारा हात खाली असतो आणि देणारा वर. दक्षिणा हा धर्माचा भाग होता. देणाऱ्याला पुण्य मिळायचं. घेणारा कितीही विद्वान असला तरी 'यंदा का दिली नाही' असं विचारण्याची सोय त्याला नव्हती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनपुढे प्रश्न होता की या खर्चाचं काय करायचं. एकदम बंद केला तर पुणं नाराज होणार. त्याने रक्कम कमी केली, पण ठेवली. आणि तिचाच एक भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ला विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिथल्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी वेतन मिळायचं. हीच संस्था पुढे इंग्रजी शाळेत मिसळून १८५१ मध्ये पूना कॉलेज झाली आणि १८६४ पासून डेक्कन कॉलेज म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणजे श्रावणातली दक्षिणा आता महिन्याचं विद्यावेतन झाली होती. सुरुवातीला मुलं मात्र ब्राह्मणांचीच.

एक अर्ज आणि त्याचे राखणदार

१८४९ मध्ये पुण्यातल्या काही तरुणांनी एक अर्ज तयार केला. मागणी साधी होती. दक्षिणेचा पैसा सगळ्या रयतेच्या करातून येतो, तर त्यातला काही भाग मराठीत उपयोगी पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा, आणि तो देताना जात बघू नये. या तरुणांमध्ये गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी होते. ते स्वतः ब्राह्मण होते, तरी शहरातले कर्मठ लोक इतके चिडले की अर्ज सरकारपर्यंत नेणंच अवघड झालं. अर्ज घेऊन जाणाऱ्यांवर हल्ला होईल अशी भीती होती. तेव्हा जोतीराव फुले आपल्या बाजूची दोनेकशे माणसं घेऊन संरक्षणाला उभे राहिले, असं फुल्यांच्या चरित्रांत सांगितलं आहे.

हा प्रसंग मी भावाला सांगितला तेव्हा तो हसला. म्हणाला, "फॉर्म सबमिट करायला बॉडीगार्ड?" हो, अगदी तसंच. फरक एवढाच की तेव्हा सर्व्हर डाऊन नव्हता, रस्ताच अडवलेला होता.

अर्ज पोचला. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. उरलेला पैसा हळूहळू कॉलेजातल्या 'दक्षिणा फेलो' मंडळींकडे वळला. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर दोघंही दक्षिणा फेलो होते. तळेगावच्या श्रावणातून निघालेला पैसा सव्वाशे-दीडशे वर्षांत अशा ठिकाणी पोचला.

मला यात महत्त्वाचा वाटतो तो अर्जातला एक मुद्दा. पैसा रयतेचा आहे. दक्षिणा वाटताना हे कुणी म्हटलं नव्हतं. एकदा हे म्हटलं की देणाऱ्याचा हात वर राहत नाही. तो फक्त खजिनदार होतो.

गुणवत्ता म्हणजे कुणाची?

पण जात बघू नये एवढ्याने काम भागत नाही, हे सगळ्यात आधी ज्यांच्या लक्षात आलं ते तेच राखणदार, जोतीराव फुले. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करायला हंटर कमिशन आलं. १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं फुल्यांचं निवेदन त्याच्यापुढे ठेवलं गेलं. त्यात प्राथमिक शिक्षणाबद्दल बरंच आहे आणि ते अनेकांना माहीतही असतं. शिष्यवृत्त्यांबद्दलचा भाग मात्र फारसा कुणी वाचत नाही.

त्यात फुले म्हणतात त्याचा आशय असा: आजच्या शिष्यवृत्त्या, ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच जाऊन मिळतात. काही शिष्यवृत्त्या, ज्यांच्यात शिक्षण पोचलेलंच नाही अशा वर्गांसाठी वेगळ्या ठेवाव्यात. चढाओढीने शिष्यवृत्ती देणं तत्त्व म्हणून न्याय्य दिसतं, पण त्याने शिक्षण पसरत नाही.

हे १८८२ साल आहे. आज कॉलेजच्या कट्ट्यावर शिष्यवृत्ती 'मेरिट'वर असावी की परिस्थितीवर, अशी चर्चा निघाली की सगळेच मुद्दे काल सुचल्यासारखे मांडले जातात. खरं तर दोन्ही बाजू जवळपास दीडशे वर्षं जुन्या आहेत. त्यांना आता वेगळी नावंही मिळाली आहेत. गुण पाहून दिलेली ती गुणवत्ता शिष्यवृत्ती. उत्पन्न किंवा सामाजिक गट पाहून दिलेली ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, फ्रीशिप किंवा फीसवलत. पहिली बक्षीस आहे, दुसरी वाटा आहे. दोन्ही हव्यात, पण दोन्ही एकच नव्हेत.

एक पैसा, एक वार, एक अंगठी

सरकार सोडूनही मदत मिळायची. पुण्यात गरीब मुलगा शिकायला आला की वार लावून जेवायचा. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. कुणी मधुकरी मागायचा. १९०९ मध्ये निघालेल्या पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहातली सुरुवातीची मुलं अशीच मधुकरीवर शिकली. या पद्धतीने अनेकजण मोठे झाले आणि त्यांनी ते आत्मचरित्रांत कृतज्ञतेने लिहिलं. पण ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याला वार कोण देणार? हा प्रश्न त्या कृतज्ञतेच्या बाहेरच राहिला.

तळेगावात याच सुमारास दुसरा प्रयोग झाला, तो मला फार आवडतो. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना मांडली की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. टिळकांनी ती उचलून धरली. या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तो नुसता कारखाना नव्हता. बाहेरगावची मुलं तिथे काचकाम शिकायला यायची. ज्या गावातून सेनापतीची दक्षिणा सुरू झाली, त्याच गावात लोकांच्या पैशा-पैशातून मुलांनी कसब शिकावं, असा हा योग. आपल्या पट्ट्यात शेकड्यांनी कारखाने आहेत, पण 'शिकवणारा कारखाना' ही कल्पना इथे पहिल्यांदा लोकवर्गणीतून आली, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तिसरा मार्ग कर्जाचा. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्चशिक्षणासाठी निधी काढला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. शिका, कमवा, परत करा, म्हणजे पुढच्याला मिळेल. शैक्षणिक कर्जाची ही आपल्याकडची जुनी आणि सभ्य रूपरेषा.

आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील. ४ ऑक्टोबर १९१९ला त्यांनी काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये सातारच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहू, स्वयंपाक करू आणि जेवू लागली. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकेक करून दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. मुलांनी शेतात, बांधकामावर काम करायचं आणि शिकायचं, हीच 'कमवा आणि शिका'. आपल्या पिंपरीतलं महात्मा फुले महाविद्यालय याच रयत संस्थेचं. पुणे विद्यापीठातल्या 'कमवा व शिका' योजनेला कर्मवीरांचं नाव आहे.

पण इथेही एक धडा आहे. १९४८ मध्ये कर्मवीरांनी मुंबई सरकारवर जाहीर टीका केली आणि सरकारने रयतेचं अनुदान थांबवलं. शेवटी गाडगेबाबांना मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकावा लागला, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. एवढ्या मोठ्या संस्थेचं अनुदान जर एका भाषणावर थांबू शकतं, तर ते हक्काचं नव्हतं असंच म्हणावं लागेल. ते मर्जीचं होतं.

साडेअकरा पौंड आणि तीन लाख रुपये

देहूरोडच्या बुद्धविहाराजवळून तुम्ही लोकलने शेकडो वेळा गेला असाल. २५ डिसेंबर १९५४ला तिथे बुद्धमूर्तीची स्थापना करायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः आले होते. आपल्या पट्ट्याशी त्यांचं हे नातं आहे. आणि शिष्यवृत्तीच्या इतिहासात दोन्ही बाजूंनी उभं राहिलेलं, म्हणजे आधी घेणारं आणि मग देणारं, असं दुसरं नाव मला सापडलं नाही.

एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना बडोद्याचे सयाजीराव गायकवाड त्यांना महिना २५ रुपये देत. जून १९१३ मध्ये करार झाला. कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परत येऊन बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी. सयाजीरावांचं मोठेपण यात आहेच. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनमधलं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये आंबेडकरांना परतावं लागलं. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले. तिथे त्यांना राहायला खोली मिळाली नाही. जात लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही हाकलले गेले. थोड्याच दिवसांत नोकरी सोडून मुंबईला आले. पुन्हा लंडनला जायला १९२० साल उजाडलं. त्यासाठी स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज, असं सगळं गोळा करावं लागलं.

चांगल्या राजाची चांगली शिष्यवृत्तीही किती ठिसूळ असते, हे त्यांच्याइतकं कुणी अनुभवलं नसेल. तारीख संपली की शिक्षण थांबतं. आणि पदवी हातात असली तरी गावात खोली मिळतेच असं नाही.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार दरवर्षी मोठी रक्कम देतं, मग आमच्या मुलांच्या शिक्षणाला का नाही, असा त्यांचा हिशेबी युक्तिवाद होता. वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे ती अनुसूचित जमातींनाही मिळू लागली. तीच ही आजची 'पोस्ट मॅट्रिक'. पोर्टलवर त्या नावावर आपण टॅप करतो तेव्हा आपल्या बोटाखाली ऐंशी वर्षं असतात.

साडेअकरा पौंड एका माणसाला एका राजाने दिले होते. तीन लाख रुपये कुणालाही, नाव न विचारता, एका नियमाने मिळणार होते. माझ्या मते दान आणि हक्क यातला फरक इतकाच आहे. दान ओळखून दिलं जातं. हक्काला तुमची ओळख लागत नाही, फक्त पात्रता लागते. नंतर राज्यघटनेच्या ४६व्या कलमाने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकली.

कारखाने आले, सवलत आली

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीची शेतं शेडखाली गेली. याच काळात, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ई.बी.सी. सवलत आली. घरचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल तर मुलाला फी नाही. इथे जातीऐवजी उत्पन्न हा निकष होता. खेड्यातल्या हजारो घरांतला पहिला पदवीधर या बाराशेच्या रेषेखालून आला. आमच्या गल्लीतले जुने कामगार अजूनही 'इबीसीत शिकलो' असं एका शब्दात सांगतात, आणि ते सांगताना त्यांची मान खाली जात नाही.

आज त्याच वाटेवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी. वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्क माफ झालं. शाहू, फुले, आंबेडकर, पंजाबराव: योजनांच्या नावांतच हा सगळा इतिहास लिहिलेला आहे. आपण तो 'स्कीम सिलेक्ट करा' म्हणून स्क्रोल करतो.

१९६१चा कागद

आता भावाच्या तक्रारीकडे येते. ती खोटी नव्हती.

आमचं मूळ गाव पाथर्डी तालुक्यात. आम्ही भटक्या जमातीत येतो. त्यामुळे जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी करताना २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा पुरावा लागतो. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. म्हणजे २००७ मध्ये जन्मलेल्या आणि चाकणमध्ये वाढलेल्या पोराने, त्याचे आजोबा १९६१ पूर्वी कुठे होते आणि कोण होते, हे कागदाने दाखवायचं. आजोबा ऊसतोडीला जात. शाळेत कधी गेलेच नाहीत. शाळेचा दाखला नाही, जमीन नाही, त्यामुळे उताराही नाही. ज्या घरापर्यंत शाळा पोचली नाही म्हणून शिष्यवृत्ती आहे, त्या घराकडेच शाळेचा जुना कागद मागितला जातो.

मामाने दोन महिने खेटे घातले. शेवटी गावच्या शाळेतल्या प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये आजोबांच्या धाकट्या भावाचं नाव सापडलं. १९५८, इयत्ता पहिली. पुढच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण होतं: गैरहजर. ऊसतोडीला गेला असणार. एकच वर्ष शाळेत गेलेल्या त्या चुलत आजोबांच्या जोरावर माझा भाऊ पात्र ठरला. मामाने त्या उताऱ्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आहे.

त्यानंतर राजगुरुनगरच्या तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. मग आधारला जोडलेलं बँक खातं. मग 'अर्ज छाननीत'. आणि मग वाट पाहणं.

ती वाट माझ्या ओळखीची आहे. मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा माझी शिष्यवृत्ती परीक्षा होऊन गेली तरी आली नव्हती. कॉलेजने आधी फी भर, आली की परत घे म्हणून सांगितलं. वडिलांनी पतपेढीतून उचल घेतली. आईची कानातली गेली ती परत आली नाहीत. शिष्यवृत्ती आली, तेव्हा मी तिसऱ्या वर्षात होते आणि निम्मी रक्कम व्याजात गेली होती. माझ्या वर्गातली एक मैत्रीण तोवर थांबू शकली नाही. ती तेव्हापासून एका पॅकिंग लाइनवर आहे. तिचं नाव पात्र विद्यार्थ्यांच्या यादीत होतं.

मला वाटतं आपल्या काळातली लढाई ही आहे. 'कुणाला द्यायचं' यावर दीडशे वर्षं भांडण झालं आणि बरंचसं जिंकलं गेलं. आता भांडण 'कधी' यावर आहे. २०२०च्या डिसेंबरमध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत ६० टक्के वाटा आपण उचलायचं ठरवलं, कारण त्याआधी सगळा भार राज्यांवर पडून पैसे अडकत होते. म्हणजे उशीर ही केवळ खिडकीवरच्या कारकुनाची चूक नसते. तो पैशाच्या वाटणीत मुरलेला असतो. आणि आपल्या पट्ट्यात त्या उशिराला एक स्पर्धक आहे, जो वेळेवर पैसे देतो. कंपनीचा गेट. चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी सहाला उभे राहा. बसमध्ये चढणाऱ्या पोरांत पात्र असलेली किती असतील, याचा अंदाज येईल. शिष्यवृत्ती नाकारली जाते म्हणून नव्हे, ती पगाराच्या तारखेला येत नाही म्हणून ही पोरं शिक्षण सोडतात. हक्क उशिरा आला की तो पुन्हा दक्षिणेसारखा वाटायला लागतो. मिळाली तर मिळाली.

भावाला

म्हणून, बाबा, तुझ्या त्या शब्दाबद्दल. हात पसरायचा म्हणालास. तळेगावच्या श्रावणात हात पसरावा लागायचा आणि तुझा-माझा हात तर तिथे चाललाही नसता. त्यानंतर कुणी पुण्याच्या रस्त्यावर अर्जाची राखण केली, कुणी कमिशनपुढे लिहून दिलं, कुणी वर्षाला एक पैसा टाकला, कुणी मंगळसूत्र काढून दिलं. एका माणसाने साडेअकरा पौंड घेतले आणि नंतर ते लाखो मुलांना मिळतील असा नियम करून ठेवला. मामाही काडीपेटीपासून मोटरसायकलपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरतो. पैसा रयतेचा आहे, हे १८४९लाच लिहून झालं आहे.

तेव्हा अर्ज भर, पण भिकाऱ्यासारखा नको. भरलेल्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट ठेव. अर्जाचा आयडी वहीत लिही. मूळ कागद कुणाला देऊ नकोस, नक्कल दे. कॉलेजच्या डेस्कवर अर्ज अडला तर तोंडी विचारू नकोस, लेखी विचार आणि पोच घे. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण चुकवू नकोस. पैसे उशिरा आले तर गप्प बसू नकोस, वर्गातल्या सगळ्या पात्र मुलांनी मिळून विचारा. एकट्याने विचारलं की ती विनवणी होते, दोनशेंनी विचारलं की काय होतं ते फुल्यांनी दाखवलं आहे.

त्या रविवारी आम्ही अर्ज अर्धाच भरला, साइट अडकली. पुढच्या आठवड्यात तो रात्रपाळी करून आला आणि सकाळी आठला त्याने मला फोनवर फोटो पाठवला. अर्ज सबमिट झाल्याचा हिरवा संदेश. खाली लिहिलं होतं, "ताई, झालं. कॉलेज एक तारखेला सुरू. कंपनी सोडू का?"

मी सोड म्हणाले. मग पहिल्या सहामाहीची फी आम्ही नातेवाइकांनी मिळून भरली. मामाच्या भाषेत हा घरचा पैसा फंड. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता हे लिहीपर्यंत आलेला नाही. तो मात्र रोज कॉलेजला जातो, आणि दर सोमवारी मला पोर्टलचा स्क्रीनशॉट पाठवतो.